बदलीची मजुरी

सकाळी नवाच्या सुमाराला कारखान्याच्या पायरीवर सात-आठ तरुण येऊन उभे राहिले, तेव्हा विमल फणसे हिच्या मनात पहिला विचार आला तो वर्गणीचा. खिदिरपुरात इतके तरुण एकत्र दिसले की ते वर्गणीलाच आलेले असणार, एवढा अनुभव तिच्या गाठीशी होता. पण सरस्वतीपूजा होऊन गेली होती आणि कुणाच्या हातात पावतीपुस्तक दिसत नव्हतं. होता तो एक कागद, त्यावर खाली चाळीसेक सह्या.

सगळ्यांच्या पुढे होता तपन. याच गल्लीत वाढलेला, बी. कॉम. झालेला, आणि तीन वर्षं घरी बसलेला. साल होतं एकोणीसशे अडुसष्ट. कलकत्त्यात जिकडे जावं तिकडे कारखान्यांच्या फाटकांना कुलपं दिसत. त्यातल्याच एका कुलपाच्या आत तपनच्या वडिलांची फिटरची नोकरी राहिली होती.

"बौदी," तपन म्हणाला. नवऱ्याच्या पश्चात कारखाना चालवणाऱ्या या मराठी बाईला सारी गल्ली बौदी, म्हणजे वहिनी, म्हणत असे. "तुमच्याकडे चौदा माणसं कामाला आहेत. चौदाच्या चौदा बिहारची. आम्ही इथं जन्मलो आणि चहाच्या टपरीवर बसून दिवस काढतो. तुम्हाला हे बरं दिसतं?"

विमल तशी सडेतोड बाई. पण या वेळी तिनं मुदत मागून घेतली. "होळीपर्यंत विचार करून सांगते," असं म्हणून तिनं कागद ठेवून घेतला.

आता हा कारखाना म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हे. एक लांबलचक खोली, तिच्यात जमिनीवर पसरलेलं जाड किंतान, मेण लावलेला दोरा, आणि मांडी घालून ताडपत्र्या शिवणारी माणसं. गोदीतल्या जहाजांवर, गोदामांवर, मालाच्या गाड्यांवर या ताडपत्र्या जात. किंतानातून दाभण आरपार घालायचं तर तळहाताला चामड्याचा पट्टा बांधावा लागतो. महिना-दोन महिन्यांत तो पट्टा बांधणाऱ्याच्या हाताचा आकार घेतो आणि मग दुसऱ्याच्या हाताला नीट बसत नाही. काम संपलं की प्रत्येक जण आपला पट्टा भिंतीवरच्या आपल्या खिळ्याला अडकवून जाई. काम कायमचं सोडणारा तेवढा आपला पट्टा बरोबर घेऊन जायचा. हा रिवाज विमलच्या नवऱ्यानं, रघुनाथरावांनी, कारखाना काढला तेव्हापासूनचा.

तेव्हापासूनची आणखी एक पद्धत होती, ती बदलीची. गावी पेरणीला किंवा लग्नाला जाणारा कारागीर आपल्या जागी भावाला नाहीतर पुतण्याला बसवून जाई. तो बदली. बदलीच्या माणसाला मजुरी कमी, कारण तो चार दिवसांचा पाहुणा. कायमच्याला दिवसाचे पाच रुपये, बदलीला तीन. इथवर ठीक होतं. पण मूळ माणूस परत आला तरी बदलीवाला जात नसे, कारण काम असे आणि तीन रुपयांत मिळणारा माणूस मालकाला नकोसा होत नसे. असं करता करता चौदांपैकी दहा जण बदलीचे झाले होते. कुणी सहा वर्षं बदलीवर, कुणी अकरा. रघुनाथराव गेले, विमलनं कारभार हाती घेतला आणि ही पद्धतही जशीच्या तशी चालू ठेवली. ती वाईट आहे, असं तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

त्याच आठवड्यात मुंबईहून विनायकचं पत्र आलं. विनायक तिचा धाकटा भाऊ. कलकत्त्यात जन्मला, वाढला आणि नोकरीसाठी मुंबईला गेला. त्याला जाऊन पुरती आठ वर्षं झाली नव्हती, पण पत्रात मुंबई त्याच्या पूर्वजांनी बांधल्यासारखा लिहीत होता. 'इथं आता वारं फिरलंय, ताई. बाहेरून येऊन आमच्या पोरांच्या जागा अडवणाऱ्यांना आम्ही स्पष्ट सांगतो, गाशा गुंडाळा. ज्याचं गाव त्याला काम. तूही तिथं हेच धोरण ठेव.'

विमलनं पत्र दोनदा वाचलं आणि तिला ते पटलं. नाहीतरी होळीला सगळे कारागीर तीन आठवडे गावी जातात. परत बोलावलं नाही की झालं. ना भांडण, ना आरडाओरडा.

होळीच्या आधी चार दिवस रामसुमेर निरोप घ्यायला आला. बिहारमधल्या छपरा गावाकडचा, पन्नाशीचा, चौदा जणांचा मुकादम. डोक्यावर पत्र्याची पेटी होती.

"माईजी, गव्हाच्या कापणीआधी येतो. तोवर बदली पाठवू का?"

"नको. या खेपेला बदली नको," विमल म्हणाली. "आणि तुम्ही सगळेही घाई करू नका. काम थोडं कमी आहे. मी पत्र टाकीन, मग या."

काम कमी नव्हतं. पावसाळ्याआधी तर ताडपत्र्यांना कधी नव्हे एवढी मागणी असते, आणि हे रामसुमेरपेक्षा जास्त कुणाला माहीत असणार? त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं, मान हलवली आणि तो गेला. तो गेल्यावर विमलचं लक्ष भिंतीकडे गेलं. चौदाच्या चौदा पट्टे आपापल्या खिळ्यांना होते. तिला जरा चोरट्यासारखं झालं. पण एकदा ठरवलं ते ठरवलं, असा तिचा स्वभाव, तेव्हा तिनं तपनला निरोप पाठवला.

तपन आणि त्याचे आठ मित्र दुसऱ्याच दिवशी हजर झाले. बंगाली मुलांना अंगमेहनत नको असते, असं रघुनाथराव नेहमी म्हणत. विमल बघत होती, तर मुलं मान मोडून काम करत होती. भिंतीवरचे पट्टे त्यांनी काढून बांधले, ते दुसऱ्याच्या हाताचे, त्यामुळे तिसऱ्या दिवशी नऊ जणांच्या तळहातांना फोड आले. तरी एकही घरी बसला नाही. शिवण मात्र जमत नव्हती. तयार ताडपत्री चार खांबांना बांधून तिच्यात पाणी भरून बघायचं, ही तिथली परीक्षा. रामसुमेरची ताडपत्री थेंब सोडत नसे. या मुलांची प्रत्येक ताडपत्री चारही कोपऱ्यांना गळत होती.

इकडे गल्लीत वेगळंच घडत होतं. फणसेबाईंनी बिहारी काढले हे कळताच शेजारच्या दोराच्या कारखानदारानं काढले, पलीकडच्या पिंपवाल्यानं काढले. एवढी खमकी बाई करते आहे म्हणजे करण्यासारखंच असणार, असं प्रत्येकानं धरलं. होळी संपून पंधरा दिवस झाले आणि गल्लीतली साठ-सत्तर माणसं परतली नाहीत. न्हाव्याची खुर्ची रिकामी. मनीऑर्डरचे फॉर्म भरून देणारा म्हातारा मुखर्जी पोस्टाच्या पायरीवर पेंगत बसू लागला. चहावाल्यानं दुधाचा रतीब निम्मा केला. विमलला हे दिसत होतं, पण सणानंतर असं होतंच, अशी ती मनाची समजूत घालत होती.

मग आला महिन्यातला शेवटचा शनिवार, मजुरीचा दिवस. नव्या माणसाला बदलीचा दर, या रिवाजानं विमलनं तपनच्या हातावर दिवसाचे तीन रुपये याप्रमाणे मजुरी ठेवली. त्यानं ती पाहिली आणि विचारलं, "बौदी, काही चुकलंय का?"

"चुकलं काही नाही. नव्यांना तीनच. बदलीच्या दहा जणांना वर्षानुवर्षं तीनच देतो आम्ही."

तपननं मजुरी मुठीत घेतली आणि म्हणाला, "मी कॉलेजात असताना माझा मोठा भाऊ तुमच्या साहेबांकडे काम मागायला आला होता. साहेब म्हणाले, तीन रुपयांत करतोस का? तो नाही म्हणाला. तीन रुपयांत घर चालत नाही. तेव्हापासून आम्ही आळशी ठरलो, आणि ते बिहारी आमचे वैरी. आज कळलं की त्यांचंही घर चालत नव्हतं."

तो फणकाऱ्यानं बोलला असता तर विमलनं त्याला गप्प केलं असतं. तो शांतपणे बोलला, आणि जाता जाता आणखी एक गोष्ट सांगून गेला. "आईला चारुदींनी कालपासून येऊ नको म्हटलंय. मला काम लागलं आणि तिचं सुटलं."

चारुदीची खाणावळ कारखान्यासमोरच होती. विमल तरातरा रस्ता ओलांडून गेली. तपनची आई तिथं आठ वर्षं भाजी चिरत होती, रोट्या लाटत होती, आणि पोराला नोकरी लागली त्याच महिन्यात तिला घरी बसवायचं म्हणजे काय? ती चांगले चार शब्द सुनावण्याच्या तयारीनंच आत शिरली.

चारुदी बाकावर एकटी बसून डाळ निवडत होती. साठीची, पांढऱ्या लुगड्यातली. विधवा बंगाली बाईच्या चुलीवर मासा शिजत नाही, म्हणून बिहारी मजूर निर्धास्तपणे तिच्याकडे जेवत. दुपारी बाराला तिच्याकडे बसायला जागा मिळत नसे. आज बाकं उलटी करून ठेवली होती.

"चारुदी, हे तुम्ही बरं केलं नाहीत," विमल म्हणाली.

"बस, बौदी. सत्तर माणसं जेवत होती, आता सहा-सात जेवतात. तुझे नऊ तर घरून डबा आणतात. रोट्या लाटायला पाच बायका ठेवू कुणासाठी? पाचीजणी इथल्याच, याच गल्लीतल्या. तिघींना काढलं. काय करू, सांग."

"पण ते लोक इथं कमवतात आणि सगळं मुलखात पाठवतात. या शहराला त्यांचा काय उपयोग?"

चारुदीनं सूप बाजूला ठेवलं. "पाठवतात ना. आपल्या माणसांना कोण नाही पाठवत? पण पाठवायच्या आधी जेवतात कुठं? तीन पाळ्यांचे तीन जण एका खाटेवर आळीपाळीनं झोपतात, त्या खाटेचं भाडं कोण घेतो? हालदारबाबू, इथलाच. केस कोण कापतं, धोतर कोण विकतं, त्यांची पत्रं कोण लिहितं? आणि त्यांनी शिवलेल्या ताडपत्र्यांचा हिशोब लिहायला तू बंगाली कारकून ठेवलास, तो कुणाच्या जिवावर? तुला वाटलं, चौदा माणसं काढली की चौदा जागा रिकाम्या होतील. तशा त्या झाल्या. पण त्या चौदांच्या आधारानं उभ्या असलेल्या आणखी किती जागा गेल्या, ते तू मोजलंस?"

विमलची नजर उलट्या बाकांवरून फिरली.

"फाळणीत मी बारिसालहून आले तेव्हा सियालदहच्या फलाटावर चार महिने राहिले, दोन पोरी घेऊन. लोक नाकाला रुमाल लावून आमच्यातून वाट काढत गाडीला जायचे आणि म्हणायचे, आल्या आमचा भात खायला. खोटं नव्हतं ते. भूक लागायची, भात खायचे. पण त्या भातासाठीच मी ही चूल मांडली, आणि त्या चुलीवर इथल्या पाच बायकांची घरं चालली. फलाटावर मला बघून हे कुणाला सुचलं असतं? आणि तुझे वडील नागपूरहून आले ना? गार्डन रीचला रेल्वेच्या कचेरीत ते ज्या खुर्चीवर बसले, ती खुर्ची काय त्यांनी घरून आणली होती?"

हे मात्र विमलला झोंबलं. ती उठू लागली. चारुदीनं तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

"रागावू नको. तपन खोटं बोलतो असं मी म्हणत नाही. परगावची माणसं आली आणि इथली मजुरी पडली, हे खरंच आहे. पण मला सांग, ती पाडली कुणी? रामसुमेर येऊन म्हणाला होता का, की मला दोन रुपये कमी द्या? बौदी, मजुरी कोण ठरवतं?"

विमलनं मान खाली घातली. मजुरी ती ठरवत होती! तिच्या आधी तिचा नवरा ठरवत होता. बिहारी माणसाला गरज आहे म्हणून त्याला तीन रुपयांत बसवायचं, आणि तीन रुपयांत येत नाही म्हणून बंगाली पोराला आळशी म्हणायचं. दोघं एकमेकांकडे दात खाऊन बघत राहिले, आणि मधले दोन रुपये फणशांच्या घरात आले. भवानीपूरच्या घरावर या वर्षी तिला मजला चढवायचा होता. तो मजला कशातून चढणार होता, हे तिला चारुदीच्या बाकावर बसल्या बसल्या स्वच्छ दिसलं. स्वतःची लाज वाटणं म्हणजे काय, ते तिला त्या दुपारी कळलं.

सोमवारी रामसुमेरचं पोस्टकार्ड आलं. कुणाकडून तरी लिहून घेतलेलं, चार ओळींचं. 'माईजींना प्रणाम. पत्राची वाट पाहिली. रामनवमीपर्यंत आलं नाही तर आम्ही सगळे सुरतेला जाऊ, तिकडे गावचा एक जण आहे. पट्ट्यांना उंदीर लागू देऊ नये.'

रामनवमीला तीन दिवस होते. पत्र तर वेळेत पोचलंच नसतं. विमल तशीच ट्राम पकडून एस्प्लनेडला गेली, तिथून मोठ्या तार ऑफिसात, आणि तिनं तार केली. सगळ्यांनी या. मजुरी सर्वांना एक. परतताना ती चहाच्या गोदामवाल्यांच्या कचेरीत चढली. गेल्या वर्षी माणसं कमी पडतात म्हणून तिनं त्यांचं पावसाळ्याचं काम नाकारलं होतं. आता माणसं कमी पडणार नव्हती. जादा मजुरी एका मोठ्या कामाच्या आधारानं भागवता येईल, असा तिचा अंदाज होता. काम मिळालं, मात्र जूनआधी सगळा माल देण्याच्या कबुलीवर.

संध्याकाळी तिनं कारखान्यात तपनला आणि मुलांना बोलावलं. दोरवाला आणि पिंपवालाही चौकशी करायला येऊन दाराशी उभे होते.

"जुनी माणसं परत येताहेत," ती म्हणाली.

मुलांचे चेहरे उतरले. तपन उठून उभा राहिला. "म्हणजे आम्ही जायचं?"

"कुणीच जायचं नाही. दोन पाळ्या करणार आहे. शिकताना महिनाभर चार रुपये, मग पाच. बिहारी असो, बंगाली असो, काम तेच तर मजुरी तीच. बदली हा शब्द या कारखान्यात आजपासून बंद. कोपरा कसा दुमडायचा ते तुम्ही रामसुमेरकडून शिकायचं, आणि पटलं नाही तर माझ्याशी भांडायचं, त्याच्याशी नाही."

"बौदी, अशानं बुडाल तुम्ही," दोरवाला दारातून म्हणाला. "आणि आमच्याकडचेही उद्या पाच मागतील."

"मागू देत. तुम्ही मी काढले म्हणून काढलेत ना? मग आता मी घेतले म्हणून घ्या. आणि मजला मी पुढच्या वर्षी चढवीन, नाहीतर त्याच्या पुढच्या. आहे त्या छपराखाली मला पाऊस लागत नाही."

तपननं विचार केला आणि मित्रांकडे बघितलं. "कोपरे खरंच गळतात," तो म्हणाला. "शिकू त्याच्याकडून."

रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी चौदा जण आले. डोक्यावर पेट्या, अंगावर गाडीतली धूळ. रामसुमेर आधी भिंतीशी गेला. पट्टे जागेवर होते, तेल लावून मऊ केलेले. विमलनं ते स्वतःच्या हातानं केलं होतं. त्या भिंतीवर नऊ नवे खिळेही ठोकलेले होते.

"रामसुमेर," विमल म्हणाली, "काम कमी आहे असं मी तुला सांगितलं, ते खोटं होतं."

"ठाऊक होतं, माईजी."

"मग तेव्हा बोलला का नाहीस? आणि पट्टे ठेवून का गेलात?"

"पट्टा घेऊन गेलो असतो तर तुमचं काम सोपं झालं असतं," रामसुमेर म्हणाला. "आम्ही सोडून गेलो, असं तुम्हाला म्हणता आलं असतं." एवढं बोलून त्यानं पट्टा हाताला बांधला आणि गळक्या ताडपत्र्या उलगडायला घेतल्या. तपन त्याच्याशेजारी मांडी घालून बसला.

पुढच्या शनिवारी चारुदीनं बाकं सरळ केली आणि तपनची आई पुन्हा पोळपाटाशी बसली. दोरवाल्यानं महिनाभर कुरकुर केली आणि मग आपली माणसं बोलावली. चहाच्या गोदामांचा माल जूनआधी जेमतेम पोचला. शेवटचे पंधरा दिवस विमल स्वतः दोऱ्याला मेण लावत होती. नफा त्या वर्षी कमीच झाला, ते लपवण्यात अर्थ नाही. पण कारखाना बुडाला नाही.

विनायकला तिनं सवडीनं उत्तर लिहिलं. 'ज्याचं गाव त्याला काम, असं तू लिहितोस. मग तू कलकत्त्याला परत ये, आणि मी नागपूरला जाते. तिथल्यांनी आपल्याला घेतलं तर बघू. अरे, परगावचा माणूस नुसते हात घेऊन येत नाही, पोट घेऊन येतो, आणि ते पोट भरताना गावातल्या दहाजणांना काम मिळतं. त्याच्यामुळे कुणाची मजुरी पडत असेल तर ती पाडणारा मालक कोण, ते आधी शोध. मला तो माझ्या घरातच सापडला.'

वाचकहो, आपल्याही गावात, आपल्याही गल्लीत कुणीतरी परमुलखातून आलेला राबत असतो आणि शेजारी कुणीतरी इथलाच काम शोधत असतो. त्या दोघांची झुंज लावून देणं फार सोपं आहे, आणि त्यात लाभ तिसऱ्याचाच होतो. परक्याला हाकलून आपल्या पोरांचं भलं होत नाही. सारख्या कामाला सारखा दाम दिला, तरच दोघांचंही होतं. हे ठरवणं मात्र देणाऱ्याच्या हातात असतं, आणि आपल्यापैकी पुष्कळजण कुठं ना कुठं देणारे असतो. विमलच्या कारखान्याच्या भिंतीवर त्या पावसाळ्यात तेवीस पट्टे होते, आणि कोणता कुणाचा ते हात घालून बघितल्याखेरीज सांगता येत नव्हतं.